सलगीचा अधिकार : चाकण पट्ट्यातील इंग्रजी आणि अनौपचारिक लेखनाचा प्रश्न

महाराष्ट्रातील मराठी माध्यमाच्या शाळांत अनौपचारिक इंग्रजी लिहायला शिकवले जात नाही, असा आरोप करता येणार नाही. ते शिकवले जाते आणि त्याला गुणही असतात. मित्राचे अभिनंदन करा, धाकट्या भावाला अभ्यासाचे महत्त्व पटवून द्या, सहलीसाठी वडिलांकडे पैसे मागा, असे पत्रलेखनाचे प्रश्न दहावीपर्यंत पाठ सोडत नाहीत. पत्ता कोणत्या कोपऱ्यात, तारीख त्याच्या वर की खाली, पहिल्या परिच्छेदात 'हाउ आर यू? आय ॲम फाइन हिअर' आणि शेवटी घरातल्या वडीलधाऱ्यांना 'रिगार्ड्स', हे सारे गाईडात ठरून गेलेले असते. ज्याने जन्मात कधी वडिलांशी इंग्रजीत शब्द उच्चारलेला नाही, ज्याच्या वडिलांच्या हाती ते पत्र पडलेच तर वाचून घेण्यासाठी त्यांना दुसऱ्याचे दार वाजवावे लागेल, असा खेड किंवा जुन्नर तालुक्यातला मुलगा एका अनोळखी परीक्षकापुढे वडिलांशी लडिवाळपणा करून दाखवतो. परीक्षक त्या लडिवाळपणाची मांडणी तपासतो.

हा प्रकार विनोदी म्हणून सोडून देता आला असता. पण हाच मुलगा पुढे आयटीआय किंवा पदविका करून चाकणला येतो, नाणेकरवाडीत किंवा म्हाळुंग्यात चौघांत एक खोली घेतो, आणि कारखान्यात शिरल्याच्या पहिल्याच आठवड्यात त्याचा मोबाइल क्रमांक पाळीच्या गटात टाकला जातो. तेथपासून त्याला रोज इंग्रजी लिहावे लागते. ते इंग्रजी अर्जाचे नसते, निबंधाचे नसते आणि गाईडातल्या पत्राचेही नसते. उशीर होणार आहे, सुटे भाग आले नाहीत, मशीन बंद पडले, बदली माणूस मिळेल काय, रविवारी येता येणार नाही, असे दोन-दोन ओळींचे ते लेखन असते. समोर नाव असलेला माणूस असतो आणि त्याचे उत्तर यायचे असते. शाळेने ज्याला अनौपचारिक म्हटले त्याचा या लेखनाशी काडीचाही संबंध नसतो.

या पट्ट्याचा इतिहास भाषेच्या बाजूने अजून कोणी नीट लिहिलेला नाही. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ आले, त्या दशकात टेल्को आणि बजाज ऑटो उभे राहिले, १९८२ मध्ये पिंपरी-चिंचवड महानगरपालिका झाली. त्या पिंपरीत कामगाराला इंग्रजी लिहावे लागण्याचा प्रसंग क्वचितच येई. इंग्रजी अधिकाऱ्यांची आणि कचेरीची होती. कामगाराचा कागदाशी संबंध हजेरीपटापुरता, कराराखालच्या सहीपुरता, आणि युनियनच्या मराठी पत्रकापुरता. मराठी साहित्याला जो कामगार ठाऊक आहे तो याच व्यवस्थेतला: बोलणारा, घोषणा देणारा, फार तर मराठीत कविता लिहिणारा. चाकणचा कामगार इंग्रजीत लिहितो, ही घटना नवी आहे आणि तिला दोन तारखा आहेत. २००० साली महाराष्ट्राने पहिलीपासून इंग्रजी सक्तीची केली. तो निर्णय घेणारे शिक्षणमंत्री प्रा. रामकृष्ण मोरे हे पिंपरी-चिंचवडचेच. त्या वर्षी पहिलीत बसलेले मूल २०१० च्या सुमारास दहावी झाले. त्याच्या एक वर्ष आधी, २००९ मध्ये, चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला होता. पहिलीपासून इंग्रजी शिकलेली पिढी आणि जगभरच्या मोटारकंपन्या एकाच वेळी एकाच माळावर आल्या.

आता या पिढीच्या इंग्रजीविषयी बोलले काय जाते ते पाहावे. प्राध्यापक तिला हसतात. कंपनीने बोलावलेला व्यक्तिमत्त्व-विकासवाला तिला 'फ्रेंड्ली' व्हायला सांगतो. मराठीचे कैवारी तिच्याकडे पाहून मराठी बुडाल्याचा गळा काढतात. तिघांची भांडणे आपसांत कितीही असोत, एका बाबतीत त्यांचे एकमत आहे: कामगार जे लिहितो ते लेखन नव्हेच, ती लेखनाची मोडतोड आहे. हे मत अज्ञानातून आलेले आहे आणि सोयीचेही आहे, आणि म्हणूनच ते खोडून काढणे आवश्यक आहे.

प्रथम सिद्धांताचा भाग. द्वितीय भाषेच्या अध्ययनात जिम कमिन्स यांनी १९७९ साली एक भेद मांडला, तो आज शिक्षणशास्त्राच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात आढळतो: रोजच्या व्यवहारातले संभाषण-कौशल्य आधी आणि लवकर येते; शालेय, अमूर्त विचाराची भाषा मागाहून आणि कष्टाने येते. कमिन्स यांच्यासमोर कॅनडातली स्थलांतरितांची मुले होती. त्या मुलांच्या दाराबाहेर इंग्रजी होती; रस्त्यावर, दुकानात, खेळाच्या मैदानावर होती. चाकणच्या मुलाच्या दाराबाहेर मराठी आहे, खोलीत हिंदी आहे, कारण खोलीतला एक जण बिहारचा आणि एक ओडिशाचा आहे. इंग्रजी त्याला भेटली ती फळ्यावर. म्हणजे क्रम नेमका उलटा झाला. 'फोटोसिंथेसिस'ची व्याख्या त्याला इंग्रजीत आली. 'जरा थांब, आलोच' हे इंग्रजीत कसे म्हणायचे ते आले नाही. भाषा त्याच्याकडे वरून खाली आली, आणि खालच्या पायरीपर्यंत येण्याआधी शाळा सुटली. अनौपचारिक भाषा सोपी आणि औपचारिक भाषा अवघड, हा समज मातृभाषेपुरता खरा असेल. वरून शिकलेल्या भाषेत अनौपचारिकता हाच सर्वांत शेवटचा आणि सर्वांत बिकट धडा असतो.

दुसरे गृहीतक याहून घट्ट आहे. ग्रेचेन मॅक्युलक यांच्या 'बिकॉज इंटरनेट' (२०१९) या पुस्तकाने अनौपचारिक लेखन हा स्वतंत्र अभ्यासविषय ठरवला, हे त्यांचे श्रेय. लेखन म्हणजे संपादकाच्या हाताखालून गेलेले लेखन, ही जुनी समजूत त्यांनी मोडली. परंतु असे लेखन बोलण्याची लय, हावभाव, सूर अक्षरांत उतरवू पाहते, हे त्या विवेचनाचे अधिष्ठान आहे. बोलणे आधी, त्याची अक्षरातली प्रतिमा नंतर. चाकणच्या कामगाराच्या बाबतीत हे अधिष्ठानच निखळते. तो जे इंग्रजी लिहितो ते तो कधी बोललेला नाही. सुपरवायझरशी तो तोंडी मराठीत बोलतो, परप्रांतीय सुपरवायझरशी हिंदीत बोलतो, आणि पाच मिनिटांनी त्याच माणसाला मोबाइलवर इंग्रजीत लिहितो. त्याच्या अनौपचारिक लेखनामागे अनौपचारिक इंग्रजी बोलणे नाहीच. 'बोलता तसे लिहा' हा उपदेश त्याला करणे म्हणजे विहीर नसलेल्या माणसाला पोहरा देणे.

मग त्या लेखनामागे काय असते? एखादे वाक्य घ्यावे. 'सर, टुडे अल्सो मशीन नॉट स्टार्टेड.' अशी वाक्ये या पट्ट्यात रोज लिहिली जातात, आणि इंग्रजीच्या शिक्षकाचे लाल पेन 'अल्सो'वर पहिल्यांदा पडते. तो 'अल्सो' खोडून 'स्टिल' लिहील, सहायक क्रियापद घालील, आणि वाक्य सुधारले म्हणून समाधान पावेल. वास्तविक त्या वाक्याचा सगळा जीव 'अल्सो'त आहे. तो मराठीचा 'ही' आहे: 'आजही मशीन सुरू झाले नाही.' या एका अव्ययात काल आणि परवा बसलेले आहेत. कालही कळवले होते, परवाही कळवले होते, हे न लिहिता लिहिलेले आहे. तक्रार आहे, पण तक्रारीचा शब्द नाही; आपण वाट पाहत आहोत याची नोंद आहे, पण कोणामुळे ते म्हटलेले नाही. 'स्टिल'मध्ये यातले थोडेसेच येते, आणि जे येते ते अधिक टोकदार होऊन येते. 'स्टिल' लिहिले की बोट कोणाकडे तरी वळते. क्रियापदाची मोड बघावी: 'हॅज नॉट बीन स्टार्टेड' म्हटले की ते सुरू करणारा कोणीतरी होता आणि त्याने ते केले नाही हे व्याकरणच सांगून टाकते. 'नॉट स्टार्टेड'मध्ये मराठीतल्या 'झाले नाही'चा अकर्तृक शहाणपणा शिल्लक आहे. मशीन झाले नाही. कोणी केले नाही, ते सरांनी समजून घ्यावे. जी बारीक कामगिरी पोटातले ओठांवर न आणता पार पाडायची, ती मोडक्या म्हणवणाऱ्या इंग्रजीने पार पाडलेली आहे.

हे वाक्य कवितेत आले असते तर त्यावर दोन प्रबंध झाले असते.

'सर' या शब्दाचीही अशीच दखल घ्यायला हवी, कारण या लेखनाची सर्वांत जास्त टिंगल त्याच्यावरून होते. तीन ओळींच्या निरोपात चार वेळा 'सर' येतो, म्हणून ही गुलामी वृत्ती, वसाहतीचा वारसा, वगैरे निदान केले जाते. वसाहतीचा वारसा आहे यात शंका नाही. पण मराठीत क्रियापद उच्चारल्याबरोबर नाते ठरते: 'ये', 'या', 'यावे'. तू, तुम्ही आणि आपण यांच्यामधून एक निवडल्याशिवाय मराठी माणूस दुसऱ्याला साधे बोलावूही शकत नाही. इंग्रजीने त्याच्या हातातून ही तिन्ही सर्वनामे काढून घेतली आणि एकटा 'यू' दिला. वयाने आणि हुद्द्याने मोठ्या माणसाला त्या उघड्याबोडक्या 'यू'ने संबोधणे त्याच्या कानाला अरेतुरे वाटते. म्हणून तो वाक्यावाक्याला 'सर' लावतो. हा 'सर' संबोधन उरलेला नाही. तो आदरार्थी बहुवचनाचा प्रत्यय झालेला आहे. प्रत्यय प्रत्येक क्रियापदाला लागतो, एकदा लावून भागत नाही. व्याकरणाची गरज होती, भाषेत तिची सोय नव्हती, लिहिणाऱ्याने ती करून घेतली.

हा प्रश्न या भूमीला नवा नाही. चाकण आणि पिंपरी यांच्या मधोमध आळंदी आहे. चांगदेवाची आख्यायिका सर्वांना ठाऊक आहे, पण ती योगसामर्थ्याच्या फजितीची गोष्ट म्हणूनच सांगितली जाते. ती लेखनाची गोष्ट आहे. ज्ञानदेवांना पत्र लिहायला बसलेल्या चांगदेवाची अडचण विषयाची नव्हती, मायन्याची होती. वयाने लहान म्हणून 'चिरंजीव' लिहावे तर तो ज्ञानाने मोठा. 'तीर्थरूप' लिहावे तर आपले वय चौदाशे वर्षांचे. नाते ठरेना म्हणून मायना ठरेना, मायना ठरेना म्हणून कागद कोराच गेला. मुक्ताबाईने त्यावर टोमणा मारला, तरी ज्ञानदेवांनी त्या कोऱ्या कागदाला पासष्ट ओव्यांचे उत्तर दिले. मायना चुकला म्हणून पत्र परत केले नाही, हे इथे लक्षात घेण्याजोगे आहे. चाकणचा प्रशिक्षणार्थी वयाने आपल्याएवढ्याच, इंग्रजी माध्यमातून आलेल्या अभियंत्याला निरोप लिहिताना दहा मिनिटे मोबाइल हातात धरून बसतो, तेव्हा तो चांगदेवाच्याच जागी असतो. फरक इतकाच, की त्याला कोरा निरोप पाठवून चालत नाही.

इथे व्यक्तिमत्त्व-विकासवाला पुढे येतो. 'रिस्पेक्टेड सर' लिहू नका, 'हाय' लिहा, 'काइंडली डू द नीडफुल' जुने झाले, मोकळे व्हा, आजचे जग अनौपचारिक आहे. ही शिकवण पुरोगामी भासते. तिच्यात एक प्रश्न दडवलेला असतो: अनौपचारिक होण्याचा अधिकार कोणाला असतो? साहेब निरोपाला 'ओके' लिहितो. कामगार 'ओके सर' लिहितो. या दोहोंमध्ये व्याकरणाचा फरक नाही, वेतनश्रेणीचा आहे. वरून खाली आलेला नुसता अंगठा म्हणजे संमती. खालून वर गेलेला नुसता अंगठा म्हणजे उद्धटपणा. वरच्याची सलगी मोठेपणा ठरते आणि खालच्याची सलगी आगाऊपणा ठरते, हे मराठी माणसाला शिकवावे लागत नाही. समर्थांच्या काळापासून 'सलगी' हा शब्दच या भीतीसह वापरला जात आला आहे. प्रशिक्षक ही भीती अज्ञान समजतो. ती अज्ञान नसून व्यवहारज्ञान आहे, कारण कंत्राटी कामगाराने लिहिलेला एकही निरोप खरोखर अनौपचारिक नसतो. बोललेला शब्द हवेत विरतो. लिहिलेला निरोप राहतो, पुढे पाठवला जातो, त्याचे चित्र काढले जाते. २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने इलेक्ट्रॉनिक नोंदीला पुराव्याच्या कायद्यात जागा मिळाली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ती आहे. खातेनिहाय चौकशीला तर न्यायालयाइतके काटेकोर नियमही लागत नाहीत. चहाच्या सुट्टीत लिहिलेले चार शब्द आरोपपत्रात उतरू शकतात, अशा ठिकाणी जो माणूस 'रिस्पेक्टेड सर'च्या चिलखतात शिरून लिहितो त्याला मोकळे व्हायला सांगणे हा बेजबाबदारपणा आहे. चिलखत काढायला सांगणाऱ्याने आधी बाण थांबवावेत.

'चुकीचे इंग्रजी' हा शब्दप्रयोग या पट्ट्यात ज्या सहजतेने केला जातो तोही तपासून पाहण्यासारखा आहे. रँडॉल्फ क्वर्क आणि ब्रज काचरू यांच्यात १९९० आणि १९९१ मध्ये जो वाद झाला त्याचा गाभा असा, की बिगरमूळ भाषकांच्या इंग्रजीला तिचे स्वतःचे प्रमाण असू शकते की नाही. क्वर्क नाही म्हणाले. विद्यार्थ्याला प्रमाण इंग्रजीपासून वंचित ठेवणे म्हणजे त्याची फसवणूक, असे त्यांचे म्हणणे. आपल्याकडील इंग्रजीचे प्राध्यापक वर्गात काचरूंचे नाव घेतात आणि उत्तरपत्रिका क्वर्क यांच्या पद्धतीने तपासतात. पण चाकणमध्ये गंमत अशी आहे की ज्याचे प्रमाण मानायचे तो मूळ भाषक हजरच नाही. जर्मन अभियंत्याची इंग्रजी द्वितीय भाषा आहे, कोरियन आणि जपानी तज्ज्ञाचीही आहे. जर्मन वाक्यरचना इंग्रजीत आली की तिला लहेजा म्हणतात. मराठी वाक्यरचना आली की तिला चूक म्हणतात. बार्बरा झाइडलहोफर यांनी संपर्कभाषा म्हणून वापरल्या जाणाऱ्या इंग्रजीचा जो सिद्धांत २०११ च्या ग्रंथात मांडला, त्यात सर्व बिगरमूळ भाषक एका पंक्तीला बसतात. कारखान्याच्या भोजनालयात मात्र पंक्ती अजून वेगळ्या आहेत.

मराठी माणसाने अनौपचारिक इंग्रजी पूर्वी कधी लिहिलीच नाही, असेही नाही. १८८० च्या सुमारास पंधरा वर्षांच्या आनंदीबाई जोशी न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या कार्पेंटरबाईंना पत्रे लिहू लागल्या. दोघींनी एकमेकींना पाहिलेले नव्हते. भेट झाली ती १८८३ मध्ये, आनंदीबाई अमेरिकेला पोचल्यावर. शिकवणारा नवरा हट्टी आणि प्रसंगी क्रूर; शाळा अशी म्हणण्यासारखी नाही. तरी कॅरोलाइन डॉल यांनी १८८८ मध्ये लिहिलेल्या चरित्रातून जी पत्रे बाहेर आली त्यांत एक मुलगी आपल्या घराविषयी, चालीरीतींविषयी, आजारपणाविषयी अशा माणसाला सांगते आहे ज्याला तिने इंग्रजीतच आपले केले. आणि आपले केले ते कसे? तिने कार्पेंटरबाईंना मावशी मानले. इंग्रजी पत्राच्या मायन्याचा साचा तिने मराठी नात्याने भरला. पुढे आनंदीबाईंच्या अस्थी पकिप्सी येथे कार्पेंटर कुटुंबाच्या स्मशानभूमीत विसावल्या. मायन्यातले नाते मायन्यापुरते राहिले नाही.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण अधिक बोलके आहे, कारण त्यांनी त्या भाषेत प्रेमही केले आणि भांडणही. संस्कृतात शास्त्रार्थ करणाऱ्या रमाबाई इंग्रजी शिकल्या त्या १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेजच्या मठात गेल्यावर. दोनच वर्षांत त्या तिथल्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्याच भाषेत धर्मसिद्धांतांवरून आणि अधिकारावरून लढू लागल्या: कोणी काय मानावे हे मठाने ठरवायचे की तिच्या विवेकाने. अ. भि. शहा यांनी संपादित केलेला हा पत्रव्यवहार राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ मध्ये प्रसिद्ध केला, आणि इंग्रजीच्या कोणत्याही मराठी प्राध्यापकाने तो द्वितीय भाषेतील लेखनाचा ग्रंथ म्हणून शिकवल्याचे ऐकिवात नाही. धर्मांतराची कागदपत्रे म्हणून तो वाचला जातो. त्या पत्रांत रमाबाई ज्या व्यक्तीशी इतके कडाडून भांडतात तिला 'आजीबाई' म्हणतात. हा शब्द लेकीच्या, मनोरमेच्या, नात्याने आलेला. इंग्रजी वाक्यात तसाच ठेवलेला. त्यामुळे भांडण घरातले होते आणि म्हणूनच पुरेपूर होते. आनंदीबाईंची मावशी, रमाबाईंची आजीबाई आणि पाळीच्या गटातला चौथ्यांदा आलेला 'सर', ही तिन्ही एकाच जातीची भाषिक कृती आहे. पहिल्या दोन विदुषींच्या म्हणून गौरवायच्या आणि तिसरी अडाण्याची म्हणून हसण्यावारी न्यायची, हा न्याय टीकेला शोभत नाही.

यावर आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे: या दोघींची तुलना कंत्राटी कामगाराशी होत नाही. रमाबाईंच्या मागे पुराणिकांचे घराणे होते, आनंदीबाईंच्या मागे जिद्दीने पेटलेला नवरा. ते मान्य करूनही एक गोष्ट उरते. दोघींनाही अनौपचारिक इंग्रजी अभ्यासक्रमाने दिली नाही. उत्तर देणाऱ्या माणसाने दिली. कार्पेंटरबाई उलट टपाली लिहीत. जेराल्डीन चिडत, समजावत, पण लिहीत. शाळेतले पत्र कोणालाच पाठवायचे नसते. चाकणच्या निरोपाला उत्तर येते ते 'नोटेड'.

या लेखनाचे कौतुक करून थांबणेही खोटे ठरेल. देशीवादाच्या नावाखाली मोडक्या इंग्रजीची आरती ओवाळणारा एक वर्ग अलीकडे तयार झाला आहे. त्याला स्वतःच्या मुलासाठी ही इंग्रजी नको असते. 'टुडे अल्सो' सुपरवायझरला कळते, कारण तो मराठी आहे. तोच निरोप पुढे जर्मन अभियंत्याकडे गेला की 'ही'मधले तीन दिवस गळून पडतात आणि उरते एक साधी बातमी: आज मशीन चालू नाही. तक्रार मुरली तरी पोचली नाही. जिथे प्रश्न यंत्राच्या सुरक्षिततेचा असतो, जिथे 'आवाज वेगळा येतो आहे' हे वेळीच लिहिता येण्यावर कोणाचे तरी बोट अवलंबून असते, तिथे ध्वनितार्थाची सौंदर्यमीमांसा पुरत नाही. त्या कामगाराला ठणठणीत, निःसंदिग्ध इंग्रजी मिळालीच पाहिजे. क्वर्क यांच्या म्हणण्यातला हा अंश टाळता येत नाही. वाद इतकाच आहे की ती त्याला त्याच्याजवळ जे आहे ते पुसून द्यायची की त्यावरून द्यायची. पदविकेच्या वर्गात 'टुडे अल्सो' फळ्यावर लिहून हा 'अल्सो' काय सांगतो आणि कोणाला सांगत नाही, असा अर्धा तास बोलणारा शिक्षक त्याला 'स्टिल', 'अगेन', 'फॉर द थर्ड डे' यांतला फरक कायमचा शिकवून जाईल. आजचा वर्ग रजेच्या अर्जात अडकलेला आहे, जिथे प्रत्येक विद्यार्थी तापाने 'सफरिंग' असतो.

आणि मराठीचे कैवारी? १९४६ च्या स्थायी आदेशांच्या कायद्याने कारखान्याचे नियम इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत दर्शनी लावण्याचे बंधन घातले होते. म्हणजे औपचारिक लेखनात कामगाराच्या भाषेला निदान कागदावर हक्क मिळाला. अनौपचारिक लेखनाला असा कोणताच कायदा नाही. तिथे भाषा ठरते ती गटातल्या सर्वांत वरच्या माणसाच्या सोयीने. मराठीला जिथे खरोखर जागा करून घेता आली असती ती ही जागा होती: दोन मराठी माणसांतला दोन ओळींचा निरोप. ती इंग्रजीने घेतली तेव्हा कैवारी दुकानांच्या पाट्या मोजत होते. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, पेढे वाटले गेले. त्या रात्रीच्या पाळीतही दोन मराठी माणसांनी एकमेकांना मशीन बंद असल्याचे इंग्रजीतच कळवले असणार. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. मराठीत लिहिलेला निरोप वर पाठवता येत नाही आणि जो वर जात नाही त्याची नोंद होत नाही, हे त्यांना कळते.

उरली साहित्यसमीक्षा. तिच्या हातून झालेला अन्याय जुना आहे. १८९७ मध्ये एफ. ॲन्स्टी यांनी बाबू जॅबरजी हे पात्र उभे करून बंगाली बाबूच्या इंग्रजीवर विलायतेला हसवले. ते हसू सत्तेचे होते म्हणून त्याचा निषेध करणे सोपे जाते. पण मुंबईच्या निसीम इझिकेल यांच्या 'व्हेरी इंडियन पोएम्स इन इंडियन इंग्लिश' या कविता वर्गात वाचल्या जातात तेव्हा जे हसू उठते ते कोणाचे असते? ज्या विद्यार्थ्याची इंग्रजी तशीच आहे तोही त्या हसण्यात सामील होतो, कारण न हसणे म्हणजे ओळख देणे. याच्या उलट अरुण कोलटकरांनी मॅनेजरकडे पगार मागायला गेलेला माणूस मुंबईच्या हिंदीत उभा केला आणि मग तोच 'थ्री कप्स ऑफ टी'मध्ये अमेरिकन रांगडेपणाच्या इंग्रजीत आणला. समीक्षेने त्या भाषिक धाडसाला दाद दिली, आणि ती योग्यच होती. त्या कवितेतला माणूस ज्या निर्भयतेने मॅनेजरशी इंग्रजीत बोलतो ती निर्भयता भाषांतरकाराची आहे. चाकणच्या माणसाला मॅनेजरशी स्वतःच बोलावे लागते आणि त्यासाठी त्याला मिळालेली इंग्रजी कोणत्याही चित्रपटातून आलेली नाही.

भाषाविज्ञानाने तरी त्याची नोंद ठेवायची होती. भारतीय इंग्रजीचा पहिला मोठा नमुना-संचय महाराष्ट्रातच झाला. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात प्रा. एस. व्ही. शास्त्री यांच्या नेतृत्वाखाली १९७८ सालातील छापील मजकुरातून दहा लाख शब्द गोळा करण्यात आले. 'कोल्हापूर कॉर्पस' हे नाव आज जगभरच्या इंग्रजीच्या अभ्यासकांना परिचित आहे. छापील मजकुरापुरताच तो असल्यामुळे त्यात खासगी पत्र नाही. पुढे 'इंटरनॅशनल कॉर्पस ऑफ इंग्लिश'चा भारतीय विभाग तयार झाला, त्यातही कोल्हापूरचा वाटा होता, आणि त्यात खासगी पत्रांना खास जागा ठेवलेली होती. पण त्या प्रकल्पाची एक सर्वसाधारण अट होती: ज्याचे लेखन घ्यायचे त्याचे शिक्षण निदान माध्यमिक शाळेपर्यंत इंग्रजी माध्यमातून झालेले असावे. खेडच्या जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेला मुलगा या अटीत बसत नाही. त्याने दिवसाला वीस निरोप इंग्रजीत लिहिले तरी शास्त्राच्या व्याख्येनुसार तो इंग्रजी लिहिणारा नव्हे.

चाकण, आकुर्डी, राजगुरुनगर येथल्या महाविद्यालयांत इंग्रजीचे पदव्युत्तर वर्ग भरले की त्यांत बसलेल्यांपैकी कितीतरी जण सकाळची पाळी करून आलेले असतात, किंवा त्यांचा भाऊ रात्रपाळीला गेलेला असतो. ते लेखन त्यांच्याच खिशात आहे. लिहिणाऱ्याची संमती घेऊन, नावे झाकून, त्यातले शे-दोनशे निरोप कोणी प्रबंधिकेसाठी गोळा करू म्हणाला, तर त्याला मार्गदर्शक मिळेल का, एवढेच आता पाहायचे आहे.